बिल्ले गेले, शर्ट उरला: जुन्या फौजी शर्टाच्या खरेपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत अजूनही एखाद्या घराच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली की तळाशी खाकी किंवा हिरवट शर्ट निघतो. पदकं वाटणीत गेलेली असतात, बिल्ले मुलांनी खेळून हरवलेले असतात, आणि शर्ट तेवढा राहिलेला असतो. पुढची उत्तरं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या भारतीय फौजेच्या सुती शर्टांबद्दल आहेत.

शर्टावर एकही बिल्ला नाही. म्हणजे तो नकली समजायचा का?

नाही. माझा अनुभव तर उलटा आहे. नकली माल विकणारा बिल्ले लावूनच विकतो, कारण गिऱ्हाईक बिल्ल्यालाच भुलतं. साधा, बोडका शर्ट बनवून कुणाला फारसा फायदा नाही.

बिल्ले नसण्याची खरी कारणं भरपूर आहेत. उन्हाळी सुती शर्ट रोज धुवायला जायचा आणि धोबी तो दगडावर आपटायचा. म्हणून हुद्द्याच्या फिती आणि डिव्हिजनची (अनेक पलटणींच्या मोठ्या तुकडीची) कापडी निशाणी बऱ्याचदा टिचबटणांनी, हुकांनी किंवा खांद्याच्या पट्टीवर सरकवून लावत, म्हणजे धुण्याआधी काढता यायची. आघाडीवर जाताना कुठली डिव्हिजन कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून निशाणी उतरवत. नोकरी संपल्यावर जवान पितळी शोल्डर टायटल (खांद्यावरची पलटणीच्या नावाची अक्षरं) आठवण म्हणून वेगळं ठेवायचा आणि शर्ट शेतात वापरायचा. बाजारात आलेल्या शर्टावरचे बिल्ले व्यापारी सुटे करून विकतो, कारण दोन्ही मिळून जेवढे येतात त्याहून जास्त पैसे वेगवेगळे विकून येतात.

‘खरा’ म्हणजे नेमकं काय?

हे आधी ठरवलं नाही तर पुढचं सगळं वाया. यात तीन वेगळे प्रश्न आहेत. शर्ट फौजेचा आहे का? तो सांगतात त्या काळातला आहे का? आणि तो सांगतात त्या माणसाचा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शर्ट स्वतः देऊ शकतो. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा कापडात नसतं, कागदात असतं. विकणारा हे तिन्ही एकाच वाक्यात गुंडाळतो: ‘कोहिमाला लढलेल्या सुभेदाराचा शर्ट’. त्या वाक्याची तीन तुकड्यांत फोड करायची आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा मागायचा.

खाकी आहे, खांद्याला पट्ट्या आहेत, दोन खिसे आहेत. फौजेचाच ना?

इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात. आपल्याकडे खाकी पोलिसांची, एसटीच्या चालक-वाहकांची, पोस्टमनची, वनरक्षकाची, होमगार्डची, एनसीसीची. होमगार्ड १९४६ साली मुंबई प्रांतातच सुरू झाले, एनसीसी १९४८ साली. या सगळ्यांच्या शर्टांचा घाट फौजेच्या शर्टावरूनच घेतलेला.

फरक छोट्या खुणांत सापडतो. एसटी वाहकाचा बिल्ला छातीवर टोचलेला असतो, त्यामुळे खिशाच्या आसपास जाड भोकं आणि ताणलेलं कापड दिसतं. पोलिसी शर्टाला शिटीच्या दोरीची झीज असते. खांद्याच्या पट्टीवरची भोकं मात्र निर्णायक धरू नका, कारण पोलिसांचीही पितळी अक्षरं तिथेच बसतात.

महायुद्धातला साधा फौजी शर्ट बहुधा समोरून पूर्ण न उघडणारा, डोक्यातून घालायचा, छातीपर्यंत बटणपट्टी असलेला आणि खाली लांब शेपूट असलेला असे. पूर्ण उघडणारा, बाहेर सोडायचा प्रकार म्हणजे बुशशर्ट. तो फौजेतून आपल्या कपाटात आला आणि आपले आजोबा नायलॉनच्या शर्टालाही ‘बुशकोट’ म्हणत राहिले.

तपासणी कुठून सुरू करायची?

शर्ट उलटा करा. बाहेरची बाजू लोकांना दाखवण्यासाठी असते, आतली बाजू फसवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. गळ्याच्या पट्टीखाली, शेपटाच्या आत, खिशाच्या उलट बाजूला शाईचा शिक्का शोधा. दिवसाउजेडी बघा, कापड तिरकं धरून बघा. बऱ्याच शिक्क्यांचा आता फक्त तपकिरी डाग उरलेला असतो. खरी जुनी शाई धाग्यात मुरलेली असते, कडा फुटलेल्या असतात. कापड जागोजाग विरलेलं आणि शिक्का मात्र कालच मारल्यासारखा ठळक, असं दिसलं तर मी शर्ट खाली ठेवतो.

शिक्क्यात वर टोक असलेला बाण आहे. हा इंग्रजांच्या काळाचा पुरावा आहे का?

अर्धाच. तो बाण म्हणजे सरकारी मालाची जुनी इंग्रजी खूण. ब्रिटनमधल्या मालावर नुसता बाण किंवा बाणासोबत ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ ही रोमन अक्षरं. कॅनडाच्या मालावर ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण. ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन ‘डी’ अक्षरांच्या मधे बाण. दक्षिण आफ्रिकेच्या मालावर ‘यू’मध्ये बाण. महायुद्धकाळच्या भारतीय मालावर बाणासोबत ‘आय’ हे अक्षर सापडतं.

पण आपल्या फौजेने बाण सोडलेला नाही. लष्करी गाड्यांच्या नंबरपाटीवर आजही आधी बाण आणि मग वर्षाचे दोन आकडे असतात. छावणीच्या हद्दीच्या दगडांवरही तो दिसेल. त्यामुळे बाण सांगतो ‘सरकारी’, काळ सांगत नाही. काळासाठी बाणाशेजारचा मजकूर वाचा. कानपूरचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने असेल तर ते १९४८ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी. माप इंचांत की सेंटीमीटरमध्ये? आपल्याकडे दशमान मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. लेबलवरच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर विषयच संपला, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. धुण्या-इस्त्रीची चित्रं असलेली चिठ्ठीही युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी आली. शाहजहानपूरचा सरकारी कपडे कारखाना १९१४ पासूनचा, तर चेन्नईजवळच्या आवडी गावचा १९६१ चा. ‘बर्माचा शर्ट’, म्हणजे महायुद्धातल्या बर्मा आघाडीवरचा, म्हणून दिलेल्या कपड्यावर आवडी गावाचं नाव दिसलं तर विक्रेत्याला चहा पाजा आणि निघा.

बिल्ला नाही, पण कधीकाळी होता हे कसं ओळखायचं?

या कामातला सगळ्यात रंगतदार भाग हाच, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

शिवलेली निशाणी उसवली की दोन गोष्टी मागे राहतात: टाक्यांची भोकं आणि न विटलेल्या कापडाचा ठसा. बाकीची बाही उन्हाने आणि धोब्याने पांढुरकी पडलेली, आणि दंडाजवळ एक चौकोन मूळच्या गडद रंगाचा. खिडकीजवळ बाहीत हात घालून कापड ताणा, म्हणजे भोकांची रांग दिसेल. हाताने शिवलेलं असेल तर भोकं कमी-जास्त अंतरावर आणि किंचित वेडीवाकडी असतात. मशीनची रांग अगदी समान असते. पलटणीतला शिंपी दोन्ही प्रकारे शिवायचा, म्हणून यावरून खरं-खोटं ठरत नाही. ठसा आणि भोकं एकमेकांशी जुळतात का हे मात्र ठरवतं. ठसा गोल आणि भोकांची रांग चौकोनी असेल तर तिथे एकदा एक आणि नंतर दुसरी निशाणी बसलेली आहे, किंवा कुणीतरी खेळ केलाय.

बाहीवर खाली टोक केलेल्या ‘व्ही’ आकाराच्या फितींचा ठसा मिळाला तर मोजा: एक म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. दंडावर वरच्या बाजूला डिव्हिजनची निशाणी असे. तिचा आकारही पुष्कळ बोलतो. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सतराव्याचं काळं मांजर, एकोणिसाव्याचा खंजीर. पण बहुतेक चित्रं चौकोनी कापडावर असत, त्यामुळे ठसा उरतो तो चौकोनाचा. नुसत्या चौकोनावरून ‘लाल गरुड’ म्हणणारा माणूस अंदाज विकतोय.

खांद्याच्या पट्टीवर पितळी शोल्डर टायटल असे. त्याच्या मागच्या कड्या कापडातून आत जायच्या आणि आतून पिन घालून अडकवायच्या. म्हणून भोकं जोडीने सापडतात, आणि त्यांच्या कडेला हिरवट डाग असतो. पितळेचं भांडं कळकतं तसं हे टायटलही घामाने कळकतं आणि तो कळंक कापडात उतरतो. सोबत पितळ घासायच्या पॉलिशची पांढुरकी भुकटी शिवणीत अडकलेली असेल तर फारच छान. भोक पाडणं सोपं आहे, पण वर्षानुवर्षांचा कळंक भोकाच्या कडेलाच नेमका आणणं सोपं नाही. ताजी भोकं स्वच्छ असतात, त्यांचे धागे सरळ तुटलेले असतात. जुन्या भोकात धागे तुटत नाहीत, बाजूला सरकून तिथेच बसतात.

डाव्या खिशावर आडवा ठसा आहे. तो कशाचा?

पदकांच्या रिबनचा असू शकतो, आणि मग पट्टी घेऊन बसा. ब्रिटिश पदकांची रिबन साधारण ३२ मिलिमीटर रुंद. ठसा ६४ मिलिमीटरचा म्हणजे दोन पदकं, ९६ चा म्हणजे तीन. रिबन पिनेच्या पट्टीवर लावलेली असेल तर लांब ठशाऐवजी दोन्ही टोकांना बारीक भोकं असतील.

आता गोष्टीशी ताडून पाहा. ‘हा शर्ट १९४४ साली इंफाळच्या लढाईत अंगावर होता’ असं सांगितलं आणि ठसा चार रिबनचा आहे. बर्मा स्टार हे पदक १९४५ साली जाहीर झालं. म्हणजे एक तर तो माणूस जुना, आधीची पदकं मिळवलेला असला पाहिजे, नाहीतर शर्ट युद्धानंतरही अंगावर होता. शर्ट खोटा ठरला नाही, पण गोष्ट ढिली पडली.

धागा जाळून बघतात म्हणे. खरंच उपयोग होतो?

होतो, पण एक सेंटीमीटर सुटा धागा, तोही आतल्या दुमडीतला, आणि शर्ट आपला असेल तरच. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख सोडतो. लोकर केस जळल्यासारखी वास मारते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला, पण कपड्यांत ते युद्धानंतर आलं. आपल्याकडे टेरीकॉटचे गणवेश तर त्याही नंतरचे. म्हणून मणी झाला की ती शिवण महायुद्धातली नाही.

शिवण म्हणालो, शर्ट म्हणालो नाही. खिसा नंतर कुणी दुरुस्त केला असेल. म्हणून बाजूची मुख्य शिवण, काखेची शिवण आणि बटणपट्टी अशा तीन ठिकाणी बघा. मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ‘बर्मा’चा शर्ट मोठ्या उत्साहाने घेतला होता. घरी तिन्ही ठिकाणचे मणी काड्यापेटीवर ओळीने ठेवले. ते अजून ठेवलेत.

अतिनील टॉर्चखाली शर्ट चमकला. संपलं का?

नाही, घाई नको. हल्लीच्या धुण्याच्या पावडरीत कापड उजळ दिसावं म्हणून रसायन असतं, तेच निळसर चमकतं. ऐंशी वर्षांपूर्वीचा अस्सल शर्ट सूनबाईंनी गेल्या दिवाळीत पावडरीत भिजवला असेल तर तोही चमकेल. मात्र अशी चमक ढगाळ, सगळीकडे पसरलेली असते. शिवणीचाच धागा पांढऱ्या रेघेसारखा पेटला आणि कापड काळोखात राहिलं, तर धागा नवा. न चमकणं ही जमेची बाजू आहे, पण एकट्याने पुरेशी नाही.

आत ओव्हरलॉक आहे. ओव्हरलॉक म्हणजे आधुनिक, बरोबर?

हा समज फार पसरलाय. ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाची कड उसवू नये म्हणून तिच्यावर धागा गुंफणारी, मशीन एकोणिसाव्या शतकातच आली होती. फौजी शर्टांच्या शिवणी बहुधा दुमडून दोनदा टीप मारलेल्या असत, म्हणून ओव्हरलॉक दिसलं तर भुवई उंचवा. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, धागा तपासा. वेल्क्रो दिसलं तर मात्र विचार करायची गरज नाही.

बटणांचं काय?

बटणं सगळ्यात आधी तुटतात आणि सगळ्यात सहज बदलतात, म्हणून त्यांना फार वजन देऊ नये. सगळी बटणं सारखी नसली तरी चालेल. उलट एखादं वेगळं बटण आणि त्याचा वेगळा धागा हे वापरलेल्या शर्टाचं लक्षण आहे. काज बघा. जुन्या काजाच्या कडा बटण घासून घासून एका बाजूला झिजतात. नव्या शर्टाला कृत्रिम म्हातारपण देणारा काजाकडे क्वचितच वळतो.

हिरवा शर्ट आहे, पण रंग एकसारखा नाही. रंगवलेला दिसतो.

रंगवलेला असेलही, आणि तरी खरा असेल. बर्माच्या जंगलात खाकी उठून दिसते हे लक्षात आल्यावर आधी खाकी कपडेच हिरव्या रंगात बुडवले गेले. मग हिरवं कापड आणि जाळीदार विणीचे हिरवे शर्ट भारतातच शिवले गेले. तो रंग कच्चा होता. धुऊन धुऊन राखाडी पडायचा. दुमडीच्या आत बघा. तिथे खाकी आणि बाहेर हिरवा, असं असेल तर शर्ट शिवल्यानंतर बुडवलेला. तो युद्धात बुडवला की नाटकासाठी, हे रंग सांगत नाही. त्यासाठी पुन्हा धागा, शिक्का आणि झीज.

झीज खरी की केलेली, हे कसं कळतं?

झीज कामाच्या जागी असते. कॉलरची दुमड, मनगटाची कड, काखा, कोपर. फौजी शर्टाला आणखी एक जागा: खांदे आणि पाठ, जिथे १९३७ पॅटर्नच्या वेब साहित्याचे, म्हणजे जाड विणीच्या सुती फौजी सामानाचे, पट्टे घासत. त्या पट्ट्यांना ब्लँकोची रंगीत भुकटी लावायचे, ती घामाबरोबर कापडात उतरायची. पाठीवर पट्ट्यांच्या रेषेत असा फिकट हिरवट किंवा पिवळट डाग दिसला की मला बिल्ल्यापेक्षा जास्त आनंद होतो.

केलेली झीज सगळीकडे सारखी असते. सँडपेपर कापडाच्या उंचवट्यावर चालतो, शिवणींच्या कडा पांढऱ्या पडतात, काखा मात्र कोऱ्या राहतात. चहाच्या पाण्यात उकळलेल्या शर्टाचा आतला खिसाही तेवढाच तपकिरी असतो. वास घ्या. जुन्या ट्रंकेचा वास डांबरगोळ्यांचा, गंजाचा, कोंदटपणाचा असतो.

कॉलरच्या आत काळ्या रंगाची बारीक खूण आहे, पुसत नाही.

जपा तिला. ती धोब्याची खूण असण्याची शक्यता आहे. धोबी बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे. बिब्बा आणि चुना यांचा काळा डाग धुऊन जात नाही, म्हणूनच इंग्रज बिब्ब्याला ‘धोबी नट’ म्हणत. खुणेवरून माणूस शोधता येत नाही, पण शर्ट अनेक वर्षं नियमित धुवायला जात होता हे कळतं.

खुणेजवळ आकडे असतील तर ते जवानाचा नंबर किंवा त्याचे शेवटचे काही आकडे असू शकतात. ते जसेच्या तसे उतरवून ठेवा, अंदाजाने पुरे करू नका.

विक्रेता म्हणतो हा आझाद हिंद फौजेचा शर्ट आहे, म्हणूनच बिल्ले नाहीत.

हे फार ऐकलंय. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि तिथे कैद झालेल्या भारतीय जवानांतून मुख्यतः ही फौज उभी राहिली. त्यांचे कपडे बहुतांशी तेच ब्रिटिश भारतीय फौजेचे. म्हणजे बिल्ल्याशिवाय दोन्ही शर्ट एकच. कागद, छायाचित्र किंवा घरातली अखंड साखळी नसेल तर असा दावा तपासताच येत नाही, आणि जो दावा तपासता येत नाही त्याचे जादा पैसे का द्यायचे?

सिनेमा-नाटकाचे ड्रेस बाजारात येतात का?

भरपूर. ड्रेसवाल्यांकडचे जुने कपडे गठ्ठ्याने विकले जातात. गळ्यात रंगभूषेचा गुलाबी-तपकिरी थर, बाजूला पटकन मोठा-छोटा करायला ठेवलेली जादा दुमड, बटणांमागे लपवलेली टिचबटणं आणि आत नटाचं नाव किंवा पात्राचा क्रमांक, या खुणा शोधा. कधीकधी मूळ फौजी शर्टच ड्रेसवाल्याकडे गेलेला असतो, आणि मग दोन्ही इतिहास खरे असतात.

मोकळ्या जागी जुने बिल्ले आणून शिवू का? घरच्यांना आवडेल.

माझं मत: नको. त्या मोकळ्या जागेतच तुमचा पुरावा आहे. नवीन सुई जुन्या भोकांवरून गेली की ती कायमची बिघडतात. फार वाटत असेल तर बिल्ले चौकटीत शर्टाशेजारी मांडा आणि ते नंतर आणलेत अशी चिठ्ठी लावा.

हा शर्ट घातला किंवा विकला तर कायद्याची अडचण येईल का?

आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख घालणं गुन्हा आहे. पूर्वीच्या दंड संहितेचं कलम १४०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १६८. जुना शर्ट जपण्यात अडचण नाही. २०२२ साली आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाचं डिझाइन मात्र लष्कराने नोंदवून घेतलंय, त्याच्या नकला विकणाऱ्यांवर कारवाई होते. शर्ट पहिल्या महायुद्धातला, म्हणजे शंभर वर्षांपलीकडचा असेल, तर परदेशी पाठवण्याआधी १९७२ चा पुरावस्तू कायदा नीट समजून घ्या.

धुऊ का?

नको. डाग हाही पुरावा आहे. इस्त्री, कांजी, टाचण्या, काहीच नको. कांजीवर कसर येते. धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या मलमलीत गुंडाळा, घड्यांच्या आत मलमलीचेच बोळे ठेवा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका.

शर्ट आजोबांचा आहे एवढं घरात सांगतात. नाव-पलटण कुठे शोधायची?

आधी डिस्चार्ज बुक शोधा. ते देव्हाऱ्यात, पोथीच्या कापडात किंवा जमिनीच्या कागदांत सापडतं. त्यात नंबर, पलटण, भरतीची आणि सुटकेची तारीख असते. मराठा पलटण असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबरसह लिहा. नंबराशिवाय नुसत्या ‘जाधव, सातारा’वर काही होत नाही, कारण तसे किती तरी होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज कसा करायचा ते सांगेल. आजोबा युद्धात मरण पावले असतील तर राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमी आयोगाच्या यादीत नाव, पलटण आणि स्मारक सापडू शकतं.

मग पलटणीचा प्रवास शर्टाशी ताडून बघा. मराठ्यांच्या ज्या बटालियन इटलीत लढल्या, जिथे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तिथे उन्हाळ्यात खाकी आणि थंडीत लोकरी बॅटलड्रेस (आखूड जाकीट आणि पँटचा लढाऊ गणवेश) होता. आजोबा १९४५ पर्यंत इटलीत असतील आणि ट्रंकेत जंगली हिरवा शर्ट असेल, तर तो त्यांना परतल्यावर मिळालेला असेल, किंवा तो त्यांच्या बर्माला गेलेल्या भावाचा असेल. घरात एकदा विचारा, भाऊ होता का.